प्राजूसाठी पाहिलेली स्थळं

मे महिना सरत आला की पालघर स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरांची आणि त्यांच्या आईबापांची रीघ लागते. हातात प्लॅस्टिकच्या फायली, फायलीत दाखले, दाखल्यांवर घामाची बोटं. आतला पंखा कागद उडवतो, दुकानदार वैतागतो, आणि बाहेर ताडगोळेवाली बाई या गोंधळाकडं ढुंकूनही न बघता कोयत्यानं सपासप फळं फोडत असते. यातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली. पूर्वी मला बघितलं की ती धावत यायची. "बाई, काय घेऊ? बाई, कुठं जाऊ?" मीही रस्त्यातच पिशवी खाली ठेवून शाळा भरवायची.

आता मी या दिवसांत समोरच्या बाजूनं जाते. ताडगोळे घ्यायचे असले तरी त्या बाजूला जात नाही. बाईंना हल्ली माणसांचा कंटाळा आलाय, असं म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

मला तो एक उन्हाळा आठवतो. प्राजूचा उन्हाळा.

प्राजू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, शोभाताईची मुलगी. ताईचं सासर सांगलीकडचं. दाजी ऐन तारुण्यात बोईसरला आले, तारापूरच्या एका केमिकल कंपनीत चिकटले आणि कंपनीच्या कॉलनीत दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. ताई इथं म्हणून मीही पालघरच्या शाळेत नोकरी धरली आणि इथंच राहिले. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही. या वयात खोटं कशाला बोला? मला बघायला पुष्कळ जण आले. पोहे खाल्ले, पाणी प्यायले, चालून दाखवायला लावलं, एकानं तर सुईत दोरा ओवायला लावला, आणि उठताना प्रत्येकानं न चुकता म्हटलं, "कळवतो." मराठीत 'नाही' म्हणायची इतकी सभ्य रीत दुसरी नसेल. कुणी कळवलं नाही.

प्राजूची बारावी संपली, नीटची परीक्षाही देऊन झाली. वर्गातल्या सगळ्यांनी फॉर्म भरला म्हणून तिनंही भरलेला. पुढं काय विचारलं की खांदे उडवायची. मला आधी राग आला. मग एकदा ती माझ्याकडं राहायला आलेली असताना भांडी विसळता विसळता म्हणाली, "मावशी, मला माहीतच नाही गं जगात कामं किती प्रकारची असतात. आमच्या कॉलनीत सगळ्यांचे बाबा एकाच बसनं जातात आणि एकाच बसनं येतात."

हे खरंच होतं. आपण पोरांना विचारतो, तुला काय व्हायचंय? त्यांनी बघितलेलं असतं काय? बापाची बस, मास्तरणीचा खडू, दवाखान्यातला डॉक्टर आणि टीव्हीतले पोलीस. एवढ्यातून निवड करायची म्हणजे चार भाज्यांच्या बाजारात पाचवी मागण्यासारखं आहे.

मी म्हटलं, "चल, आपण स्थळं बघू."

"कसली?"

"कामांची. जन्मभर ज्याच्याशी संसार करायचा ते आधी डोळ्यांनी बघायला नको? दर रविवारी एकेकाच्या घरी जायचं. तो काय करतो, कसा करतो, घरी येतो तेव्हा हसतो का, सगळं विचारायचं. पोहे दिले तर खायचे. आणि उठताना म्हणायचं..."

"कळवतो!" प्राजू ओरडली. तिला माझी सगळी पुराणं पाठ होती. ती इतकी हसली की हातातलं ताट मोरीत पडलं.

दाजींना सांगितलं तर तेही हसले. दाजी कमी बोलत. दुपारची पाळी करून आले की बनियनवर दारात बसायचे आणि कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळताना बघायचे. म्हणाले, "बघा तुम्ही. तुम्ही शिकलेल्या. तिला जे आवडंल ते करू दे. फकस्त आमच्या गेटाच्या आत नको. तेवढं एक सोडून कुठलंबी स्थळ चालंल."

आम्ही निघालो. उकाडा असा की छत्रीखाली सुद्धा डोकं भाजून निघायचं. पहिलं स्थळ माझ्या घरामागच्या सिस्टरबाईंचं. त्या वॉर्डातल्या गोष्टी सांगत होत्या आणि बोलताना त्यांचे दोन्ही पाय मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत होते. प्राजूचं अर्धं लक्ष गोष्टींकडं आणि अर्धं बादलीकडं. मग चिंचणीला गेलो, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडं. होड्या वर ओढून ठेवायचे दिवस ते. किनाऱ्यावर बांबूंवर शेवटचे बोंबील सुकत होते आणि त्या वासात काका वंगणानं माखून बसलेले. "बाय, तू नको पडू ह्याच्यान," ते म्हणाले, "माजी पाठ बग, पार कामातून गेली. पन इचार, काय इचाराचा त्ये इचार." प्राजूनं तासभर विचारलं. तिच्या ओढणीला काळा डाग पडला तो कधी गेला नाही. तिसरं स्थळ बोईसरच्याच एका प्रयोगशाळेतलं, ताईच्या शेजारणीच्या ओळखीचं. पांढरा कोट, काचेची भांडी, थंडगार हवा. मला तर फार आवडलं. बाहेर आल्यावर प्राजू म्हणाली, "नको. इथं बाबांच्या शर्टाचा वास येतो."

आणि ते मोजणीवाल्याचं स्थळ! ते आठवलं की अजूनही हसू येतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा लांबचा भाचा जमीन मोजणीच्या खात्यात होता. मी त्यांना म्हटलं, आमच्या मुलीला त्याचं काम समजून घ्यायचंय. त्यांनी निरोप दिला. पण रविवारी दुपारी चारची वेळ, सोबत मावशी, मुलगी वयात आलेली आणि घरात बिनलग्नाचा मुलगा. हे सगळं एकत्र आल्यावर आपल्याकडं निरोपाचं कोण ऐकतं? आम्ही पोहोचलो तर दारात रांगोळी. मुलगा इस्त्रीच्या शर्टात, केसांना तेल, मान खाली. पोह्यांचा ट्रे त्यानंच आणला, कारण मुलीकडचे घरी आलेत म्हटल्यावर त्याच्या आईनं रीत उलटी केली असावी. प्राजूला काही पत्ता नाही. ती आपली जमीन वाकडी असली तर कशी मोजता, बांधावरून भांडणं झाली तर काय करता, हे विचारत सुटली. तो बिचारा घामाघूम होऊन उत्तरं देत होता. शेवटी त्याच्या आईला राहवलं नाही. "काय गो बाय, तुला स्वयपाक येते का?"

"नाही," प्राजू म्हणाली, "पण त्रिकोणमिती येते. चालेल ना या खात्यात?"

मला खोकल्याचं सोंग करून बाहेर यावं लागलं. निघताना मी उंबऱ्यात थांबले, पदर सावरला आणि सगळ्या जन्माचा सूड उगवल्यासारखी ऐटीत म्हणाले, "कळवतो हं." नंतर त्या मुलाची दया आली. वाटेत मी खरा प्रकार सांगितला तशी प्राजू घरी येईपर्यंत माझ्यावर फुगून बसली, आणि मग आम्ही दोघी माझ्या पलंगावर आडव्या पडून पोट दुखेपर्यंत हसलो. इतकं मी त्यानंतर कधी हसलेले नाही.

आता लिहिताना खिडकीतून समोरच्या जांभळीखालचा सडा दिसतो. बहाडोलीची मोठी जांभळं बाजारात यायला लागली आहेत. तेव्हाही हेच दिवस होते, हाच चिकट वारा, हीच दुपारची वीज जाणं. ऋतूंचं हे मला पटत नाही. माणूस असो नसो, ते आपले ठरल्या वेळी दारात हजर होतात.

शेवटचं स्थळ मनोरच्या पुढं, आत, डोंगराकडं. माझी जुनी विद्यार्थिनी तिथं गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. पाऊस लागायच्या आत पाड्यापाड्यांवर लस टोचायचं तिचं काम चालू होतं. तिनं सांगितलं, बघायचं असेल तर पहाटे या, गुरं चरायला सुटली की हाताला लागत नाहीत. आम्ही पहिली एस.टी. पकडून गेलो. लाल धुळीचं आंगण, कुडाच्या भिंती, आणि आंगणात बैल, गाई, शेळ्या आणि त्यांच्यामागं सगळा पाडा. शेतं अजून कोरडी होती. पाड्यावरचे बरेच जण मजुरीला बाहेरगावी जाऊन नुकते परतलेले, पावसाच्या तोंडावर.

"दाक्तरीन बाय, आदी माजी काली टोच," एक म्हातारी आपली शेळी ओढत पुढं आली. "मागं एकीचा पोट फुगला न् रातीत मेली. ही जगली पायजे."

डॉक्टरला मदतीला माणूस कमी होता. तिनं मागं वळून न बघताच म्हटलं, "धर गं जरा." आणि प्राजूनं धरलं. कॉलनीत वाढलेली मुलगी, जिनं कुत्र्याला कधी हात लावला नव्हता, ती शेळी गुडघ्यांत दाबून जमिनीवर बसली.

"घट धर," म्हातारी म्हणाली. "भिऊ नको. तिला कलते कोन भिते त्ये."

प्राजूनं घट्ट धरलं. सुई गेली, शेळी एकदा थरथरली आणि मग तिनं तोंड प्राजूच्या खांद्यावर टेकलं. त्यानंतर मला ती दिसेनाशीच झाली. गर्दीत कुठंतरी तिची पिवळी ओढणी, कुठंतरी तिचा आवाज, "हिची झाली, त्या बैलाची राहिली!" ऊन चढलं, गुरं सुटली. डॉक्टर हात धूत होती. मी प्राजूला कोपरानं ढोसलं, रीतीप्रमाणं निरोप घे म्हणून. तिच्या केसांत गवत, कुर्त्यावर शेण, गालावर कसला तरी ओरखडा. ती म्हणाली, "मॅडम, मी येणार. मी हेच करणार."

कळवतो म्हणाली नाही.

माझ्या नोकरीत मी हजारो पोरांचे चेहरे बघितले असतील. हव्यासाचे बघितले, भीतीचे बघितले, आईबापांनी ढकललेले तर रोज बघते. पण एखादी गोष्ट मनापासून हवी झालेल्या पोराचा चेहरा कसा असतो, ते मी त्या आंगणात बघितलं. तिला भूक लागली होती, तहान लागली होती, आणि एस.टी.त ती सारखी आपल्या हातांचा वास घेत होती. मी म्हटलं, "अगं, घाण येतेय." म्हणाली, "येऊ दे."

पुढचा सगळा जून ती जमेल तेव्हा तिकडं जात राहिली. नीटचा निकाल लागला. माणसांच्या डॉक्टरकीला मार्क पुरणार नव्हते, गुरांच्या डॉक्टरकीला पुरतील असं सगळे म्हणाले. गावाकडून सांगलीच्या आत्याचा फोन आला, "ढोरांची का असंना, पर डाक्टर हुतीय न्हवं?" प्राजूनं फोन ठेवून उशी भिंतीवर भिरकावली आणि मग स्वतःच हसत सुटली. दाजींनी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. मला म्हणाले, "बरं हाय. पेशंट बोलणार न्हाई, म्हंजे तक्रार बी न्हाई." दाजींनी केलेला तो एकच विनोद माझ्या आठवणीत आहे. तो त्यांनी मला तीनदा सांगितला.

श्रावणात दाजी कामावरच गेले. छातीत कळ आली म्हणून बाकड्यावर टेकले, सोबत्यांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कुणाची चूक नव्हती. मी फार शोधली, पण सापडली नाही. राग धरायला कुणी मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तेराव्याला कंपनीची माणसं आली. पांढरे शर्ट घातलेली, खाली मान घालून सतरंजीवर बसलेली. गोडाचं जेवण झालं, तोंडाला चव कुणाच्याच नव्हती. त्यांच्यातला एक वयस्क माणूस दाजींबद्दल बोलताना खरोखर रडला. मग डोळे पुसून ताईला म्हणाला, "वहिनी, त्याच्या जागी आम्ही घरातल्या एकाला घेतो. साहेबांशी बोललोय. क्वार्टर पण राहील. मुलगी अठराची झाली ना?"

इथं हीच रीत आहे आणि ती चांगलीच रीत आहे. बाप गेला की त्याची जागा घरात राहते, चूल विझत नाही, डोक्यावरचं छप्पर जात नाही. किती घरं तिनं तारली आहेत. ताईचे गुडघे तेव्हाच धरलेले, ती जिना सुद्धा बसत बसत उतरायची. ओंकार, धाकटा, आठवीत. ताई सोडली तर अठरा पूर्ण झालेलं एकच माणूस घरात होतं. सांगलीहून आलेले मोठे काका हात जोडून म्हणाले, "देवच आला म्हनायचा." सगळ्या खोलीनं श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

मी म्हटलं, "अहो, पण तिच्या ॲडमिशनची यादी लागायची आहे अजून."

काका हळूच म्हणाले, "बाई, तुमचं बरुबर हाय. पर जागा काय यादीसाठी थांबत न्हाय."

मी पुष्कळ बोलले. माझ्याकडं या सगळे, मी आहे ना, वर्षं काय, जातील निघून. ताईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझ्या एका खोलीत आम्ही तिघं? आन् किती वर्सं? पाच? आन् त्यानंतर?" तिला रडूही येत नव्हतं. प्राजू दारापाशी उभी होती. मी तिच्याकडं बघत होते. ती नाही म्हणेल, ओरडेल, निदान उशी तरी फेकेल, असं मला वाटत होतं. तिनं त्या माणसाला विचारलं, "कधीपासून यायचं?"

दसऱ्याच्या सुमाराला यादी लागली. तिचं नाव होतं. परभणीचं कॉलेज. शिक्षकांच्या खोलीत मी ते मोबाईलवर बघितलं आणि तिला फोन लावत राहिले. ती पाळीवर होती, फोन आत न्यायला परवानगी नाही. संध्याकाळी तिचाच आला. मागं बसचा आवाज होता. "बघितलं मी, मावशी. आईला नको सांगू हं." आणि मग, "ठेवू का? दमलेय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. प्राजू पॅकिंगला लागली, मग डिस्पॅचला गेली. काम चोख करते. तिच्या सुपरवायझरनं ताईला रस्त्यात थांबवून सांगितलं म्हणे, तुमची मुलगी म्हणजे सोनं आहे. ताईनं मला ते आनंदानं सांगितलं आणि मी तिच्यावर विनाकारण खेकसले. सोनं असतं ते ठाऊक आहे मला. सोनं आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो.

कधी कधी बोईसरला गेले की तिची बस जाताना दिसते. ती खिडकीशी बसलेली असते, शेजारच्या बाईशी काहीतरी बोलत, हसतही असते. दुःखी वगैरे दिसत नाही. मला मात्र पाड्यावरच्या धुळीत बसलेली ती मुलगीच दिसते, आणि बस वळणावरून जाईपर्यंत मी तिथं रस्त्याच्या कडेला खुळ्यासारखी उभी राहते.

परवा शुक्रवारी तिची सुट्टी होती, म्हणून ती माझ्याकडं आली. ओंकारची बारावी झाली, त्याचं बोलायला. उमरोळीजवळ गाडी रखडली म्हणून जेवणाची वेळ टळून गेलेली. तिनं भराभरा भात खाल्ला. मग पुढ्यात जांभळांची वाटी घेऊन एखाद्या पोक्त बाईसारखी मला सांगत बसली, त्याला कशाची आवड आहे, कुठं कुठं दाखवून आणायला हवं, कुणाच्या ओळखी आहेत. "त्याला घाई नको करू देऊ. सगळं बघू दे. मी आहे ना." तिची बोटं, जीभ सगळं जांभळं झालेलं, आणि बोलणं मात्र ताईच्या वयाचं.

"हो," मी म्हटलं. "आणि तू?"

"मी काय?"

माझं सगळं तयार होतं. मी महिनाभर फोन करत होते, कुठं कुठं जाऊन आले होते. परीक्षेला पुन्हा बसता येतं. ते नको तर गुरांच्या दवाखान्यातला पदविकेचा अभ्यासक्रम आहे. ओंकार कमवायला लागला की नोकरी सोडता येईल, तोवर तयारी. वय गेलेलं नाही. माझी डॉक्टर विद्यार्थिनी अजून तिथंच आहे, अजून तुझी आठवण काढते. मी घडाघडा बोलले, एका दमात. प्राजूनं मधे तोडलं नाही. लहान मुलाचं आपण शेवटपर्यंत ऐकून घेतो, तसं तिनं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "मावशी, रागावू नकोस हं. पहिली दोन वर्षं बसमधून शेळ्या दिसल्या तरी मी मान फिरवायचे. आता नाही फिरवत. दिसतात, बस पुढं जाते. मला आता काही व्हावंसंच वाटत नाही गं."

"वाईट वाटतं ना तुला?"

"तेच तर सांगतेय," ती म्हणाली. "नाही वाटत."

तिनं ते सहज सांगितलं. तिला कुणाला दुखवायचं नव्हतं, मला तर नाहीच. उठून हात धुतले, आईसाठी थोडी जांभळं कागदात बांधून घेतली, आणि ओंकारला रविवारी पाठवते म्हणाली. जिन्यावरून वाकून मला हात केला.

ती वळणाआड गेल्यावर मी दार लावलं आणि भर दुपारी, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडले. दाजी गेले तेव्हा सुद्धा मी इतकी रडले नव्हते.